अस्मिताचं पहिलं काम

अध्यक्ष अनिरुद्ध साहेब, व्यासपीठावरच्या तनुजा मॅडम, आणि माझ्या नातीला निरोप द्यायला जमलेले तिच्या ऑफिसातले आपण सर्व, जय भीम. माझं नाव पुकारून झालं तरी मी खुर्चीतून उठलो नाही, त्या उशिराबद्दल माफी असावी.

साहेब, आपण आत्ता म्हणालात, "अस्मिता कचरा व्यवस्थापनात नवं करिअर सुरू करतेय." टाळ्या झाल्या. मला मात्र ते इथंच, बसल्या जागी कळलं! घरी सांगितलं होतं, "आजोबा, हडपसरला नवी कंपनी आहे." मी सुनेकडे पाहिलं, तर ती पदर नीट करत बसली. म्हणजे माझ्याशिवाय सगळ्यांना ठाऊक.

मी चौथी नापास. शनिवार पेठेत झाडू मारण्यात जन्म गेला. लोक फुटकी काच पेपरात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाकायचे. पुण्याचा सभ्यपणा तो, पेपरात गुंडाळलेला. पेपर भिजायचा आणि काच आमच्या हातात घुसायची. हा अंगठा तेव्हापासून वाकत नाही. म्हणून तर पोरांना शिकवलं. मग ही कॉम्प्युटर सोडून परत तिथंच कशी निघाली? मॅडम, तुम्हीच सांगा, माझं डोकं चालेना.

ती बघा, पहिल्या रांगेतून हातवारे करतेय. मोठ्यानं बोल, बाई. काय? हातमोजे देतात? अगं, आम्हालाही दिले होते! सगळे एकाच मापाचे, पैलवानाच्या हाताचे. माझ्या जोडीच्या सुंदराबाईचे तर हातातून निसटून कचऱ्याबरोबर गाडीत जायचे. शेवटी ती उघड्या हातांनीच काम करायची.

काय म्हणालीस? परत सांग, सगळ्यांना ऐकू दे.

"म्हणूनच जातेय, आजोबा. कचरा वेगळा करणाऱ्या बायकांच्या हातांची मापं घ्यायची, तसे मोजे मागवायचे. माझं पहिलं काम तेच आहे."

थांबा, टाळ्या नकोत. 'जाऊ नकोस' म्हणायलाच मी माईक धरला होता. आता सुंदराबाईसारख्या बायांचे उघडे हात आठवल्यावर ते कसं म्हणू?

जा, बाई. पण आधी स्वतःच्या हाताचं माप दे, मग दुसऱ्यांचं घे.

आपण सर्वांनी माझ्या नातीला जीव लावलात, आभारी आहे. म्हाताऱ्याचं बोलणं इकडंतिकडं झालं असेल, तर पोटात घाला. आणि अस्मिता, सोमवारी काम सुटलं की लगेच फोन कर. तोवर मी जेवायला बसणार नाही.