सील न फाडता उघडलेल्या खोलीबाबत

जबाब देणार: परिसरात 'पोथीबाबा' म्हणून परिचित असलेले गृहस्थ. वय ७४ वर्षे. व्यवसाय पुस्तकबांधणी व जीर्ण ग्रंथांची दुरुस्ती. राहणार प्रभाग वाचनालयाची माडी, पुलाखालच्या बंद रस्त्यालगत. जबाब सुरू केल्याची वेळ: चालू महिन्याची १२ तारीख, सकाळी ११ वाजून १० मिनिटे.

मी समन्सावरून ठाण्यात आलो असून, जे डोळ्यांनी पाहिले आणि हातांनी केले तेवढेच सांगतो की, मी वरील पत्त्यावर एकतीस वर्षे राहतो. पत्नी नऊ वर्षांपूर्वी निवर्तली. खाली वाचनालयाचे सभागृह असून त्याच्या मागे एक खोली आहे. खोलीचे दार रस्त्याकडे उघडते. पहाटे मी नित्यपाठ करतो व दुपारी तीन ते चार या वेळात रस्त्याकडील खिडकीशी बसून धर्मग्रंथाचा एक भाग मोठ्याने वाचतो. ऐकणारे कोणी नसते, असा माझा समज होता.

आमच्या प्रभागाच्या नगरसेविकेस ओळखता काय, असे विचारल्यावरून सांगतो की, सात वर्षांपासून ओळखतो. सर्व लोक त्यांना ताई म्हणतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता त्या सभागृहात महिन्याचा वृत्तांत देतात. घरे किती मिळाली, उघड्यावर किती जण राहिले, कोणता रस्ता कधीपासून कधीपर्यंत बंद, असा तो असतो. त्यांची एक रीत आहे. 'राहिले' ते आधी वाचायचे आणि 'झाले' ते शेवटी. 'झाले'ची पाळी येईपर्यंत निम्मे लोक उठून गेलेले असतात. एकदा मी म्हटले, "ताई, क्रम उलटा करा. लोक तुमचे चांगले काम ऐकल्यावाचून जातात." त्यावर त्या म्हणाल्या, "झालेलं त्यांना दिसतंच की, बाबा. न झालेलं मीच सांगायला हवं, नाहीतर कोण सांगणार?" मी जन्मभर थोरामोठ्यांच्या वचनांची पाने जोडीत आलो आहे. वचनाप्रमाणे चालणारे माणूस इतक्या जवळून पाहण्याचा योग मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी आला. हे वाक्य जबाबात लागते काय, असे साहेबांनी विचारले. लागते, असे मी सांगितले.

पुलाच्या दुरुस्तीसाठी आमचा रस्ता गेल्या महिन्याच्या ३ तारखेपासून बेचाळीस दिवसांकरिता बंद झाला. त्या आधीच्या सभेत चहाच्या टपरीवाल्याने उभे राहून विचारले होते, "ताई, रस्ता बंद, धंदा बंद, आता तोंडही बंद ठेवायचं का?" ताई म्हणाल्या, "तोंड उघडं ठेवा. तेच तर मी ऐकायला येते." वळसा किती पडतो हे त्यांनी कागदावर पाहिले नाही. माझ्यासारख्या गुडघे धरलेल्या माणसास सोबत घेऊन, घड्याळ लावून, त्या स्वतः चालल्या. एकोणीस मिनिटे लागली. चार दिवसांत अडथळ्यांच्या कडेने पायी जाण्यापुरती वाट सोडण्यात आली.

पुलाच्या भिंतीला टेकून सोळा कुटुंबे राहत होती. ताईंच्या खटपटीने पंधरा कुटुंबांना तात्पुरत्या निवाऱ्याच्या इमारतीत खोल्या मिळाल्या. सोळावे कुटुंब म्हणजे शिवणकाम करणारी एक बाई व तिची अंथरुणाला खिळलेली सासू. पाहणी करणारा कर्मचारी दोनदा आला, तेव्हा बाई शिवलेले कपडे पोहोचवण्यास गेली होती. आतून कोणी पुढे आले नाही, म्हणून त्याने यादीत 'रिकामे' असे लिहिले. सासू आत होती. तिला उठता येत नव्हते.

वाचनालयामागची खोली रस्त्याच्या कामाचे कार्यालय करण्यासाठी बांधकाम विभागाने गेल्या महिन्याच्या ५ तारखेस ताब्यात घेतली. दाराला कुलूप घालून, दार व चौकट यांवर आडवी कागदी पट्टी चिकटवून, अभियंत्यांनी तीवर सही-शिक्का केला. त्यानंतर ते रजेवर गेले. खोली रिकामीच राहिली.

९ तारखेस सायंकाळी सहाच्या सुमारास ताई माझ्याकडे आल्या. यादीची दुरुस्ती व्हायला आठवडा लागेल आणि खोदाईचे यंत्र भिंतीपाशी त्याआधीच येईल, असे त्या म्हणाल्या. वाचनालयात दुसरी काही जागा निघेल का, असे त्यांनी विचारले. मी त्यांना दानाविषयीचे एक प्राचीन वचन अर्थासह म्हणून दाखवले व शेवटी सांगितले की, सभागृहात मुक्काम करण्यास नियमाने मनाई आहे आणि मागच्या खोलीला सरकारी सील आहे. त्या म्हणाल्या, "वचन सुरेख आहे, बाबा. पण सासूबाईंना त्यावर आडवं होता येत नाही."

सील काढण्याविषयी त्या काही बोलल्या काय, असे विचारल्यावरून सांगतो की, होय. जाताना दारापाशी थांबून त्यांनी पट्टीवरची सही वाचली आणि म्हणाल्या, "ही मी तोडणार नाही. मी एक सील तोडलं, तर उद्या ठेकेदार दहा तोडेल. परवानगीच आणते." त्यानंतर त्या मुख्य कार्यालयात तीन वेळा जाऊन आल्या. तिन्ही वेळचे प्रवेशाचे पास त्यांच्या धारिकेत आहेत. ते तपासावेत.

गेल्या महिन्याच्या १२ तारखेस दुपारी मी खिडकीशी वाचत होतो. दाराशी आलेल्या अतिथीचा भाग चालू होता. तीन वाजून चाळीस मिनिटांनी यंत्राचा आवाज अगदी जवळ आला. खाली पाहिले तेव्हा भिंतीपासचे ताडपत्रीचे छप्पर काढलेले होते. शिवणयंत्र रस्त्यात उभे होते. त्याच्या शेजारी, जमिनीवर अंथरलेल्या गादीवर, सासू होती. सून तिच्या तोंडावर पदर धरून धूळ अडवत होती. मुकादम म्हणत होता, "अहो बाई, यादीत इथं कुणी राहतच नाही. मग तुम्ही कोण?" बाई म्हणाली, "आम्ही रिकामे आहोत, दादा. तुमच्याच कागदावर लिहिलंय."

मी ग्रंथ मिटला नाही. खुणेची दोरीही घातली नाही. उघडा ग्रंथ तसाच टाकून उठण्याचा प्रसंग माझ्या आयुष्यात तोवर आला नव्हता.

खोलीच्या दोन किल्ल्या असल्याची नोंद आहे. एक अभियंत्यांकडे, दुसरी ताईंच्या प्रभाग कार्यालयात. तिसरी माझ्याकडे होती. वीस वर्षांपूर्वी मी त्या खोलीत कागदाचे गठ्ठे ठेवीत असे, तेव्हा ती करून घेतली होती. ती पितळी किल्ली या क्षणी साहेबांच्या टेबलावर, शाईच्या दौतीजवळ ठेवली आहे.

येथे साहेब म्हणाले, "बाबा, तुम्हाला फक्त एवढंच विचारायला बोलावलंय, की ताईंकडे किल्ली होती का. तुम्ही भलतीकडेच निघालात." मी म्हणालो, "भलतीकडे नाही. मी तिकडूनच आलो आहे. लिहून घ्यावे."

कुलूप उघडणे सोपे होते. सीलची पट्टी फाडणे मात्र मला जमले नाही. तीवर अक्षर होते, सही होती. लिहिलेला कागद मी आजवर फाडलेला नाही आणि माझ्या वडिलांनीही फाडला नव्हता. जुन्या पोथीचे चिकटलेले पान सोडवतात त्याप्रमाणे मी ओला फडका पट्टीवर ठेवला, वरून गरम पाण्याच्या भांड्याची वाफ दिली आणि बांबूच्या पातळ पातीने पट्टी अखंड सोडवली. त्यास अठरा मिनिटे लागली. एवढा वेळ सासू रस्त्यावर होती, याची मला आजही खंत आहे. मुकादम दुसऱ्या टोकाला ओरडत होता. रस्ता बंद असल्याने फारशी वर्दळ नव्हती. मग मी व सुनेने गादी दोन्ही टोकांना धरून सासूला आत नेले. पट्टी मी टीपकागदांत घालून बांधणीच्या दाबयंत्राखाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डाळ-भात घेऊन गेलो, तेव्हा सासू म्हणाली, "काल मधेच उठलात, बाबा. त्या पाहुण्याचं पुढं काय झालं? दार उघडलं का त्याला?" त्यावरून मला कळले की, ती चार वर्षे भिंतीपलीकडे पडून रोज दुपारी माझे वाचन ऐकत होती. ही बाब गुन्ह्याशी संबंधित नाही, असे साहेबांचे मत पडले. तरीही ती नोंदवावी अशी मी विनंती केली व त्यांनी ती मान्य केली.

१४ तारखेस सकाळी ताई आल्या. खोली उघडी, आत शिवणयंत्र चालू, कोपऱ्यात सासू. त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. त्यांनी आधी चौकटीकडे पाहिले, मग माझ्या हातांकडे. माझ्या बोटांना बांधणीची खळ लागलेली असते. त्यांनी मला काही विचारले नाही. सासूजवळ बसून त्यांनी औषधाच्या वेळा लिहून घेतल्या आणि तेथूनच मुख्य कार्यालयात गेल्या. १६ तारखेस त्यांनी यादी दुरुस्त झाल्याचा हुकूम आणला. त्या दिवशी दुपारी कुटुंब निवाऱ्यातील सोळा क्रमांकाच्या खोलीत गेले. शिवणयंत्राचे एक टोक ताईंनी धरले होते.

त्याच सायंकाळी मी खोली झाडून कुलूप लावले व पट्टी होती त्या जागी जशीच्या तशी चिकटवली. ही गोष्ट ताईंना ठाऊक नव्हती. वस्तू काढली तशी परत ठेवावी, एवढाच माझा हेतू होता. १८ तारखेस अभियंता रजेवरून आले. सील अखंड, पण आत फरशीवर शिवणयंत्राच्या पायांच्या चार खुणा, खडूची एक रेघ आणि फटीत तीन टाचण्या. मी झाडले होते, पण माझी नजर आता अधू झाली आहे.

चालू महिन्याच्या १ तारखेच्या सभेत ताईंनी 'राहिले' वाचण्यास सुरुवात केली. पहिलीच बाब अशी: "आपल्या प्रभागात एक सीलबंद खोली परवानगीवाचून उघडली गेली. ती परवानगी मी वेळेत आणायला हवी होती. आणली नाही. जबाबदारी माझी." हे वाचताना त्यांनी कोणाकडेही पाहिले नाही. मी दुसऱ्या ओळीत बसलो होतो. पुलाच्या कामाच्या ठेकेदाराचा पर्यवेक्षक भिंतीशी उभा राहून मोबाइलवर ध्वनिमुद्रण करत होता.

मी गप्प राहिलो. मौन म्हणजे असत्य नव्हे, असे मी त्या वेळी मनाशी म्हटले व त्यास आधार म्हणून दोन वचनेही आठवली. दोन्ही वचने खरी आहेत. मी त्यांचा आडोसा केला, हे खोटे होते. सभा संपल्यावर मी ताईंजवळ जाऊन म्हणालो, "ताई, त्या खोलीचे..." त्या म्हणाल्या, "बाबा, तेवढ्या खुर्च्या रचायला हात लावता का?" मी खुर्च्या रचल्या. बेचाळीस होत्या.

काल शिपाई समन्स घेऊन आला, तेव्हा फिर्यादीतील मजकूर मला प्रथम कळला. सील अखंड असल्यामुळे ताईंनी प्रभाग कार्यालयातील किल्लीने खोली उघडली व नंतर अभियंत्यांची खोटी सही करून दुसरी पट्टी लावली, असा पर्यवेक्षकाचा आरोप आहे. तो सिद्ध झाल्यास ताईंचे पद जाते, असे शिपायाने सांगितले. म्हणजे पट्टी मी फाडली असती, तर हा आरोप उभाच राहिला नसता. माझ्या हातातल्या सफाईने त्यांचा घात केला.

पट्टी तीच आहे हे कशावरून, असे साहेबांनी विचारले. त्यावरून सांगतो की, विभागाने ती बाजारी गोंदाने चिकटवली होती. मी ती खळीने चिकटवली. खळ मी घरी गव्हाच्या पिठाची शिजवतो व कसर लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद घालतो. त्याने कागदाच्या मागे निळसर कड उमटते. साहेबांनी जप्त केलेली पट्टी मागवली व खिडकीपाशी नेऊन उलटी धरली. कड निळी होती आणि तिच्याखाली जुन्या गोंदाचा पिवळा थरही होता. साहेबांनी पट्टी टेबलावर किल्लीशेजारी ठेवली. मग म्हणाले, "बाबा, गोंदच वापरला असता तर कोणाला कळलंही नसतं." मी म्हणालो, "गोंद कालांतराने तडकतो आणि कागद जाळतो. खळ कागदाला जाच करीत नाही."

याची शिक्षा ठाऊक आहे काय, असे विचारल्यावरून सांगतो की, नाही. जी असेल ती मला मान्य आहे. एक विनंती आहे. दर गुरुवारी दुपारी मला निवाऱ्यातील सोळा क्रमांकाच्या खोलीत जावे लागते, तेवढी सवलत मिळावी. तेथे काय काम असते, असे विचारल्यावरून सांगतो की, अतिथीचा भाग पुरा झाला, परंतु ग्रंथ अजून बराच बाकी आहे.

हा जबाब साहेबांनी सावकाश वाचला व मी ऐकला. 'नाइलाजास्तव खोली उघडली' असे एके ठिकाणी लिहिलेले होते. ते साहेबांनी माझ्या वयाकडे पाहून, माझ्या भल्यासाठी घातले असावे. माझ्या सांगण्यावरून तो शब्द खोडून 'स्वेच्छेने' असा करण्यात आला असून खोडीशेजारी मी सही केली आहे. बाकी सर्व मजकूर मी सांगितला तसाच आहे.