तिसरी पिन

आजच्या सन्मान सोहळ्याच्या अध्यक्षा, सरपंच सारिकाताई. आमच्या लढाऊ विमानांच्या स्क्वॉड्रनचे वैमानिक, निवृत्त ग्रुप कॅप्टन राजाध्यक्ष साहेब. व्यासपीठावरचे जुने सोबती, आणि लोणावळ्यापासून घोरावाडीपर्यंत मिळेल त्या गाडीनं आलेल्या माझ्या मावळच्या आयाबहिणींनो, बांधवांनो,

मी हौशीराम, परंदवडीचा. विमान उडवायचं काम साहेबांचं, ते उडण्याजोगं ठेवायचं आमचं. साहेब आत्ता माझ्याबद्दल बोलले, तुम्ही टाळ्या वाजवल्या, आणि मला दरदरून घाम फुटला. का, ते सांगतो.

साहेब म्हणाले, एकाहत्तरच्या लढाईत विमानाला मार बसला, इंजिन आचके द्यायला लागलं. वैमानिकाला सीटसकट बाहेर फेकणारं हँडल असतं, त्याच्यावर हात गेला होता. पण म्हटलं, हौशीरामनं तयार केलेलं विमान आहे, दोन मिनिटं कळ काढू. आणि परत आणलं. किती अभिमानानं सांगितलं साहेबांनी!

आता माझं ऐका. ती सीट जमिनीवर चुकून उडू नये म्हणून तिला लाल फितीच्या तीन पिना लावतात. वैमानिक बसला की आम्ही शिडीवर चढून त्या काढायच्या, तळहातावर धरून दाखवायच्या. त्यानं मोजून अंगठा वर करायचा. एक जरी आत राहिली तर हँडल कितीही ओढा, सीट जागची हलत नाही.

एखादी हरवली तर खोळंबा नको म्हणून मी खिशात एक जादा पिन बाळगायचो. नियमात बसत नव्हतं. माझं आपलं शहाणपण! त्या दिवशी विमान आल्या पावली परत जायचं होतं. दोन पिना काढून खिशात टाकल्या, हवाई हल्ल्याचा भोंगा झाला, तसा खिशात हात घालून मूठ बाहेर काढली. तीन पिना. साहेबांनी अंगठा वर केला.

विमान गेलं. हातात त्याच तीन पिना, मी खिसा चाचपला. रिकामा! जादा धरून चार हव्या होत्या. म्हणजे एक सीटमध्येच होती.

टॉवरला निरोप दिला असता तर साहेब पाच मिनिटांत खाली आले असते. मी दिला नाही. का नाही दिला? भ्यालो. वर्दी जाईल म्हणून भ्यालो. तीन विमानं गेली होती, दोन आली. तिसरं साहेबांचं.

रतनबाई, पहिल्या रांगेतून खुणा करू नकोस. ऐकलंत का, मंडळी? आमची कारभारीण म्हणतीये, "आवं, बसा की आता, चांगल्या दिशी कशाला उकरता?" तुझ्यापासूनसुद्धा लपवलं होतं गं.

धूर सोडत विमान आलं. सगळ्यांच्या आधी शिडी चढलो आणि सीटमधली पिन उपसून मुठीत दाबली. साहेब, तुम्ही माझी पाठ थोपटली. माणूस एवढा हलकट असतो का हो? मी हसलो!

तुम्ही हँडल ओढलं असतं तर आज या खुर्चीवर नसता. आणि मी त्याच विमानाचं मानपत्र घेऊन घरी चाललो होतो. ते मी टेबलावर ठेवतोय, शालसुद्धा.

तुम्ही लांबून आलात, मला मोठं केलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. त्या पिनेची माफी मात्र तुम्ही देऊ नका, ती साहेबांनी द्यायची की नाही ते साहेब ठरवतील. आणि हात जोडून सांगतो, आता कुणी टाळ्या वाजवू नका.