कागदावर अमीनाबीचं नाव

"हॅलो?… कोन बोलते?"

कामरगावच्या बाजारात अमीनाबीचं बांगड्यांचं दुकान. अनोळखी नंबर दिसला की ती हल्ली फोन कानापासून वीतभर लांबच धरायची.

"पल्लवी? वच्छलाची पल्लवी?… हाव, हाव… नंबर कायले बदलला व?… वकीलसायबाच्या हापिसातला होय. मंग बोल. मले वाटलं, पुन्हा तोच मानूस.

…भेटलं. कालच भेटलं. गहूबी भेटले, तांदूळबी. दोन महिन्यानं भेटलं, बेटा. तू माया संग कारंजाले तहसीलात खेटे घातले म्हनून… नाई कसं? तूच केलं.

…आता पुन्हा पयल्यापासून सांगू?… लिवून घेऊन राह्यली का? बरं, लिव."

तिनं बांगड्यांचा डबा बाजूला सरकवला.

"त्यानं फोन केला. लई गोड बोलला. म्हने, अम्मा, तुमचं रेशनकार्ड बंद होऊन राह्यलं, मोबाईलवर आकडे आले ते वाचून दाखवा… आकडे येतात ना मले. बांगड्यांची मापं वाचूनच तं पोट भरते. सहाच्या सहा आकडे वाचून दाखवले. वरतून त्यालेच शुक्रिया म्हटलं.

…मंग काय, रेशनच्या दुकानात गेलो तं दुकानवाला गोविंदा म्हने, मौसी, तुमचं धान्य तं उचललं… नाई, नाई, त्याची काई चूक नाई. माया अंगठा मशीन घेतच नाई. काचेच्या बांगड्या भरू भरू रेषाच मिटल्या. म्हनून मोबाईलवर आकडे येतात, त्यावर धान्य देते तो. आन् मी वाचलेल्या आकड्यांवर त्या चोरानं कार्डाले आपलाच मोबाईल जोडला होता. आकडे त्याले जात, धान्य दुसऱ्याच जिल्ह्यात निघे.

…घरी? घरी नाई सांगतलं. पोरगा बाहेरगावी कामाले. परवेज म्हनला असता, अम्मी, तुले फोन देनंच चुकलं. मी म्हटलं, भागवून घेऊ. एकवेळ खाऊ.

…तुया मायनं वळखलं. बांगड्या भरायले आली, म्हने, अमीना, कितीक वाळली व तू? सकाळपासून काय खाल्लं?… मले खोटं नाई बोलता आलं. त्याच दिवशी तिनं आपले अर्धे गहू आनून माया डब्यात वतले. तुमच्या घरी खानारे पाच. मी नको म्हटलं तं म्हने, तू गप राह्य."

पलीकडून पल्लवी बराच वेळ बोलत राहिली. अमीनाबी कपाळाला आठ्या घालून ऐकत होती.

"कायदा?… थांब, सावकाश सांग… मानूस समोर आल्याशिवाय कार्डाचा नंबर बदलाचा नाई… हे बरं आहे. आन् चोरीले गेलेलं धान्य सरकारनं परत द्याचं?… अजून पास नाई झाला. नुसता मांडून राह्यले. लोकाईचं म्हननं मागवलं… त्यातच मायी हकीकत धाडतं… समजलं.

…माहं नाव? आता काय लिवलं तू?… 'एक महिला'. हं."

अमीनाबी डब्यातल्या बांगड्या मोजू लागली. नाव छापलं तर गल्लीत कळणार. बांगडीवाली फसली, असं म्हणून लोक हसणार. परवेजला तर आजवर तिनं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

"…आहे, आहे मी. फोन चालू आहे… नाई, राग नाई आला.

पल्लवी, 'एक महिला' वाचून कोनाले कोन दिसते व? लिव माहं नाव. अमीनाबी जमशेद खान. कामरगाव. बांगड्या विकते… हाव, खरंच लिव. दुसरी कोनी असंन माह्यावानी, घरात तोंड दाबून बसलेली. तिले तं समजंन.

…परवेजले मीच सांगतो. रागावला तं रागावू दे.

आन् ऐक ना, आनखी एक लिव. वच्छलानं आपल्या घरचे गहू दिले, तेबी लिव… कायद्यात नाई बसत? नाई बसू दे. चोरानं नेलं ते लिवतं, तं देनारीचंबी लिवा लागते… तुयी माय आहे म्हनून लाजतं का? तू लिवत नसशीन तं माया तोंडचं म्हनून लिव… हं. असं.

…नाई व, रडत नाई. तुले अल्लानं लई मोठं करावं, बेटा. ठेव आता."

दुकानासमोर अजून कुणी आलं नव्हतं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि कुणी यायच्या आतच परवेजचा नंबर लावला.