सरावाचा डंख

बायको: मग सांगा ना. ते हातमोजे मला काढायला लावून तुम्हाला मिळणार काय होतं?

नवरा: तू बोलू नकोस. घशाला ताण येईल.

बायको: नर्सबाई म्हणाल्या, बोलत राहा, आवाज कसा येतोय ते आम्हाला कळतं. तर मिळणार काय होतं? मधाच्या पेट्या बघायला आलेल्या पाहुण्यांकडून एक ‘वा’. त्यातला निम्मा माझ्या उघड्या हातांना, निम्मा अशी बायको बाळगणाऱ्या मधपाळाला. याहून जास्त काही असेल तर सांगा.

नवरा: मी सहज म्हणालो होतो.

बायको: “आमची ही मोज्यांशिवायच पेटी उघडते, मधमाश्या ओळखतात तिला.” आणि मी शेजारी मोजे घालून उभी. तुमचं वाक्य खरं करायला मला ते काढावे लागले.

नवरा: नाही म्हणायचं होतंस.

बायको: एवढ्या लोकांसमोर? घरात तुम्हाला खोटं पाडायला मी मागेपुढे बघत नाही, पण बाहेर तुमची अब्रू राखते. वाईट खोड आहे माझी.

नवरा: चूक माझीच आहे.

बायको: चूक म्हणालात की मोकळे झालात. थांबा, मला नीट आठवू द्या. मनगटावर डंख बसला. तुम्ही धावत आलात, इथवर सगळं ठीक. मग माझा हात धरून वर केलात.

नवरा: डंख काढायला.

बायको: दाखवायला. “बघा मंडळी, नखानं असा चटकन खरवडून टाकायचा. चिमटीत धरत बसायचं नाही. मग साबणपाण्यानं धुवायचं, थंड फडकं ठेवायचं, खाज सुटली तर खाजेची गोळी. एवढ्यात भागतं, घाबरायचं कारण नाही.” दर रविवारी ऐकते, पाठ झालंय.

नवरा: ते काही खोटं नाही.

बायको: खोटं कोण म्हणतंय? बहुतेकांचं तेवढ्यात भागतंच. माझे मात्र तोवर तळहात खाजायला लागले होते. डंख मनगटावर आणि खाज तळव्यांना, डोक्यात, कानांच्या पाळ्यांना. तुमच्याजवळ येऊन हळूच म्हटलं, मला काहीतरी होतंय हो. तुम्ही काय म्हणालात?

नवरा: सावलीत बस.

बायको: सावलीत बस, पाणी पी. आणि मध चाखायला चमचे वाटत निघालात.

नवरा: मला वाटलं, उन्हानं होत असेल.

बायको: ऊन मला आजच भेटलं का? त्या चष्मेवाल्या बाई नसत्या तर तुमचे चमचे वाटून संपले असते आणि मीही. त्या मध चाखायचा सोडून माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, “अहो, ह्यांचे ओठ बघा.”

नवरा: त्यांनीच गाडी काढली. वाटेत तू बोलायची थांबलीस. मी हाका मारत होतो.

बायको: ऐकू येत होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही बोलताय आणि मी गप्प, असं झालं. तुम्हाला काही ते सोसलं नाही.

नवरा: थट्टा करू नकोस ग.

बायको: बरं, राहिलं. डॉक्टर आल्या.

डॉक्टर: कशा आहात? जीभ दाखवा. आता खोल श्वास घ्या... सोडा. छान, छाती वाजत नाही. आलात तेव्हा शिट्टी वाजत होती आणि रक्तदाब सापडत नव्हता.

नवरा: सापडत नव्हता?

डॉक्टर: जेमतेम होता. मांडीत सुई दिली तेव्हा वर आला. बरं, मला एक पक्कं करून घ्यायचंय. आल्या आल्या विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, असं पहिल्यांदाच झालं.

नवरा: हो. म्हणजे...

डॉक्टर: डंख आधी बसले असणारच, तुमचं कामच ते. मी विचारतेय, डंख एका जागी आणि त्रास सगळ्या अंगभर, असं कधी झालं होतं का? नसेल तर संध्याकाळी घरी सोडायचा विचार करते. झालं असेल आणि दर वेळी वाढत चाललं असेल, तर आज इथंच राहायचं. ओसरलेलं पुन्हा उसळू शकतं.

बायको: ह्यांना विचारा. माझ्या अंगाचं मला काय कळतंय?

नवरा: तूच सांग ना.

बायको: माझ्या घशाला ताण येतोय.

डॉक्टर: कुणीही सांगा, पण खरं सांगा.

नवरा: झालं होतं. ह्या हंगामाच्या सुरुवातीला.

डॉक्टर: काय झालं होतं?

नवरा: आमच्या कामात एक रीत आहे. पेट्या उघडायच्या आधी एखादी माशी धरून मुद्दाम डंख घ्यायचा. अंगाला सराव होतो म्हणतात. मला झालाय, मला नुसतं टोचल्यासारखं होतं. हिलाही मीच... मीच माशी धरली होती, हिच्या दंडावर.

डॉक्टर: आणि?

नवरा: पोटावर, पाठीवर गांधी उठल्या. डोळे सुजले. दुपारपर्यंत सगळं बसलं.

डॉक्टर: डॉक्टरला दाखवलंत?

नवरा: नाही.

बायको: मी म्हणत होते दाखवू. हे म्हणाले, हाच तर सराव.

नवरा: दाखवलं नाही. पण विचारलं होतं.

बायको: कुणाला?

नवरा: बाबांना. ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकलो, डॉक्टर, त्यांना. फोन केला होता.

बायको: हे मला नवीन आहे.

नवरा: ते म्हणाले, डंखाच्या जागी कितीही सुजलं तरी एक वेळ चालेल. पण डंख दंडावर आणि गांधी पाठीवर, हा सराव नव्हे. हे उलट्या दिशेनं चाललंय. तिला आधी डॉक्टरकडे ने आणि पेट्यांजवळ फिरकू देऊ नको.

बायको: फोन ठेवून तुम्ही मला म्हणालात, बाबा तुझी चौकशी करत होते.

नवरा: करतच होते.

डॉक्टर: मग नेलं का नाहीत?

नवरा: नेलं असतं तर तुम्हीही तेच सांगितलं असतंत. मग ही पेट्यांवर आली नसती. हजारो माश्यांत राणीमाशी हिला चटकन दिसते, मी पोळ्याच्या चौकटी उलटत बसतो. आणि लोक येतात तेही हिचंच काम बघायला. म्हटलं, एवढा हंगाम निघेल.

डॉक्टर: वाटेत एखादं फाटक बंद लागलं असतं तर काय निघालं असतं, ते मी सांगत नाही. आता दोघंही ऐका. मी पेनासारखी, औषध भरलेली एक सुई देणार आहे. ती कायम जवळ हवी, कपाटात नाही. पुन्हा डंख बसला आणि दम लागला, जीभ-ओठ सुजले, चक्कर आली, किंवा अंगभर गांधी उठून उलटी झाली, तर वाट बघायची नाही. मांडीत टोचायची, कपड्यांवरूनही चालते. मग आडवं पडायचं आणि रुग्णवाहिका बोलवायची. सुई टोचली म्हणजे बरं झालं, असं समजून घरी थांबायचं नाही.

बायको: नुसतं डंखाच्या जागी सुजलं, खाजलं तर?

डॉक्टर: तर साबणपाणी, थंड फडकं, खाजेची गोळी, एवढंच. एरवी चार दिवसांनीही लाली पसरतच राहिली, पू झाला, ताप आला तर कुणीही दाखवायला यावं. पण तुमच्या बाबतीत पेट्यांजवळ जाणंच बंद. ॲलर्जीच्या तज्ज्ञांकडे पाठवते, त्यांचे काही उपचार असतात, ते सांगतील. आणि हो, ह्यांचे कामाचे कपडे कोण धुतं?

बायको: मी. आधी झटकते, मग भिजवते.

डॉक्टर: त्यांत तुटलेले डंख अडकलेले असतात, वाळलेलं विष असतं. मधपाळांच्या घरच्यांना अशी ॲलर्जी जडलेली दिसते कधी कधी. तुमचं त्यातूनच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ह्यापुढे ते ह्यांनी धुवायचे, घराबाहेर.

नवरा: म्हणजे मी रोज घरी येताना...

डॉक्टर: तो विचार सावकाश करा. आज ह्यांच्याजवळ बसा आणि आवाज बदलला की मला हाक मारा.

(डॉक्टर बाहेर जातात.)

नवरा: पेट्या देऊन टाकतो कुणालातरी.

बायको: म्हणजे उद्या लोक म्हणणार, बायकोपायी बिचाऱ्यानं हातचं काम सोडलं. तुम्ही त्यागी आणि मी पांढऱ्या पायाची. ते नको.

नवरा: मग तू सांगशील तसं करतो.

बायको: तेही नको. पुढे काही बिनसलं की तूच सांगितलं होतंस म्हणायला मोकळे.

नवरा: दोन थोबाडीत तरी मार.

बायको: हाताला सलाईन आहे.

नवरा: मला भीती वाटली होती. फोन ठेवला तेव्हाच. तुला सांगितलं तर तू यायची थांबशील आणि मी तिथं एकटा पडेन, अशी. तू जिवानिशी जाशील अशी भीती वाटायला हवी होती. ती आज गाडीत वाटली.

बायको: डंखाचं मला काही नाही. माशीनं तिचं काम केलं. तुमचा तो फोन सलतोय.

नवरा: मला माफ...

बायको: आत्ता नको. आत्ता केलं तर उद्या म्हणाल, औषधाच्या गुंगीत होती.

नवरा: येत्या रविवारी लोक येतील. त्यांना काय सांगू?

बायको: आजवर सांगत आलात ते सगळं सांगा. साबणपाणी, थंड फडकं, गोळी. पण तिथं थांबू नका. डंख एकीकडे आणि त्रास भलतीकडे दिसला, की उघडी पेटी उघडीच टाकून माणसाला दवाखान्यात न्यायचं, हेही सांगा. आणि ते कुणाच्या जिवावर शिकलात तेही सांगा.

नवरा: सगळ्यांसमोर?

बायको: ‘वा’ सगळ्यांसमोरच हवा होता ना?

नवरा: सांगेन. तू ऐकायला...

बायको: मी कशी येणार तिथं?

नवरा: हो. विसरलोच.

बायको: हळूहळू होईल सराव.

नवरा: तुला खूप आवडायचं ते काम.

बायको: तुमच्यापेक्षा जास्त. तुम्ही चौकट उचलायचात ती मध किती भरला ते बघायला. मी त्यांच्याकडेच बघत बसायचे.

नवरा: सगळंच गेलं ग.

बायको: कुणाचं? पाहुण्यांना जन्मभर सांगायला एक गोष्ट मिळाली. ती माशी डंखापायी मेली. तुमच्या वाट्याला धुणं आलं. पेट्या गेल्या त्या माझ्या, तुमच्या आहेत तिथंच आहेत.