लॅबच्या दारातून

ठाण्यातल्या एका कॉलेजात फीच्या खिडकीसमोर नऊ जण उभे होते. माझ्या पुढे एक मुलगा आणि त्याची बहीण.

"ताई, आईला सांगितलंस?"

"काय सांगू? फी मोबाइलवरच्या रमीत उडवलीस म्हणून? ती बाजारात सुकट विकताना गिऱ्हाइकांना सांगते, माझा यज्ञेश लॅबमध्ये असतो."

"येतो ना रोज. दारातून बघतो. माझा मायक्रोस्कोप आता दुसऱ्याला दिलाय."

"आज भरू. उद्यापासून आत बस."

"पैसे कुठले?"

"माझ्या बीएडचे. मी पुढच्या वर्षी करीन."

"नको गं."

"लॅब हवीय ना? मग फोन दे. हा साधा बटणांचा घे."

"आत्ता?"

"खिडकीशी पोचायच्या आधी."

त्याने फोन तिच्या हातावर ठेवला. खिडकीवरच्या घड्याळात मी मोजलं, फोन द्यायला त्याला सत्तेचाळीस सेकंद लागले.