वेबसाइटची विरळणी

वेबसाइट बनवायला मी कुठे शिकलो विचारताय? दिंडोरीला, द्राक्षाच्या बागेत!

तिथल्या द्राक्षबागायतदार अण्णांची साइट केली होती. ड्रोनचा व्हिडिओ, सनई, आपोआप सरकणारे चाळीस फोटो. ऑफिसात सगळे "वा!" म्हणाले. बागेत दाखवायला गेलो, तर अण्णांच्या मोबाइलवर नुसतं चक्र फिरतंय. आणि तासाभरात माल घेणारा व्यापारी तीच साइट बघणार!

"अण्णा, इथं रेंज कमी आहे," मी म्हणालो.

अण्णा कात्रीने घडातले मणी काढत होते. मान वर न करता म्हणाले, "रेंजचं राहू द्या. विरळणी केली का?"

"म्हणजे?"

"घडातले निम्मे मणी आम्ही कापतो, मग राहिलेला मणी फुगतो. तुमचा घड लय दाट हाय."

तिथंच लॅपटॉप उघडला. व्हिडिओ काढला, सनई काढली, फोटो काढले. एकच ठेवला, टपोऱ्या घडाचा. अण्णांनी बोट लावलं आणि पापणी लवायच्या आत स्क्रीनभर द्राक्षं! मीच बघत राहिलो.

थोड्या वेळाने व्यापाऱ्याचा फोन आला, "अण्णा, माल बघायला कधी येऊ?"

अण्णांनी फोन ठेवला आणि कात्री माझ्या हातात दिली. "जमलं की तुम्हाला. आता ही वेलींची ओळ घ्या विरळायला."