गाठी मारलेले दोर

फर्जानी : सांगाडा ठणठणीत आहे, वहिनी. हातोडीनं इंच न् इंच ठोकून पाहिला, कुठे पोकळ वाजत नाही. तळ रुंद आहे, केर्केना बेटांच्या उथळ पाण्याला साजेसा. पण आतली ही मांडणी केली कुणी, शाझलीनं?

वसीला : ह्यांनीच. दोन हिवाळे खपले. म्हणाले, माझ्या होडीला सुताराचा हात लागायचा नाही.

फर्जानी : लागला असता तर बरं झालं असतं. मी चाळीस वर्षं होड्या बांधतोय, पण मला काही उमगत नाहीये.

वसीला : म्हणून तर तुम्हाला बोलावलं. परवा आम्ही दोघं निघतोय, महदियाहून थेट केर्केना, लेकीकडे. तिला सातवा लागलाय. आजवर मी धक्क्यावरूनच हात हलवला, भाऊ. मला पोहता येत नाही. होडी धड आहे की नाही, एवढं कागदावर लिहून द्या.

फर्जानी : हा दोर बघा, मोठं शीड चढवायचा. ह्याला एक गाठ. पुढच्या शिडाच्या दोराला दोन, नांगराच्या दोराला तीन.

वसीला : खोली मोजायला असतील. माझे वडील मारायचे की दोरीला गाठी.

फर्जानी : मलाही आधी तेच वाटलं. पण खोलीची दोरी पाण्यात सोडतात. हा दोर जातो डोलकाठीवर. वर काय आभाळ मोजायचंय?

वसीला : विसरत असतील हो. वय झालं.

फर्जानी : विसरणारा रंग लावतो, नाव लिहितो. इथे रंगाचा एक ठिपका नाही. आणि ही दोरी, झोपायच्या फळीपासून थेट सुकाणूपर्यंत, कमरेच्या उंचीवर. कशाला?

वसीला : मी तिच्यावर ओला पंचा वाळत घातला होता. केवढे चिडले माझ्यावर.

फर्जानी : चुलीपाशी या. मिठाच्या डब्याला खिळा ठोकलाय, साखरेच्या डब्याला नाही.

वसीला : घरीही तसंच केलंय. मी म्हटलं, म्हातारचळ, दुसरं काय.

फर्जानी : होकायंत्र कुठे आहे? जागा रिकामी दिसतेय.

वसीला : फडक्यात गुंडाळून फळीखाली टाकलंय. म्हणाले, वारा गालाला कळतो, काचेत कशाला बघायचं.

फर्जानी : वहिनी, वर्ष झालं, शाझली मला आपणहून हाक मारत नाही. मी मारली की मग ओ देतो. मला वाटायचं, रागावलाय.

वसीला : तुम्हाला म्हणायचंय तरी काय?

फर्जानी : मी काही म्हणत नाही. ही होडीच म्हणतेय.

वसीला : भलतंच काहीतरी. काल संध्याकाळी गच्चीवर बसलो होतो. म्हणाले, खरंच, काय लाल झालंय आभाळ.

फर्जानी : आधी कोण म्हणालं?

वसीला : मी. मीच म्हटलं, आभाळ बघा किती लाल.

फर्जानी : केर्केनाच्या वाटेवर मासे धरायची झावळ्यांची कुंपणं आहेत, लांबच लांब. ती गालाला कळत नाहीत. आता कागदावर काय लिहू मी?

वसीला : काही लिहू नका. ते येतायत.

(शाझली धक्क्यावर येऊन उभा राहतो. होडी चार हातांवर आहे.)

शाझली : वसीला, आहेस का गं होडीवर?

वसीला : आहे. फर्जानीभाऊही आहेत.

शाझली : काय रे फर्जानी, सापडली का खोट?

फर्जानी : होडीत नाही सापडली.

शाझली : मग परवा पहाटे निघायचं.

वसीला : परवा नाही. आठवड्यानं. आणि सुकाणू मी धरणार.

शाझली : तू? तुला कुठे येतं?

वसीला : शिकवा. मी समोर काय काय दिसतंय ते सांगत जाईन, तुम्ही कुठे वळायचं ते सांगा.

शाझली : फर्जानी, तू काही बोललास हिला?

फर्जानी : मी फक्त दोर मोजले.

शाझली : वसीला, रडतेस तू.

वसीला : नाही.

शाझली : आवाज कळतो मला.

वसीला : तो कळतो हो. बाकीचं मला सांगायचं होतंत ना.

शाझली : सांगितलं असतं, तर तू मला पाण्यावर जाऊ दिलं असतंस?

वसीला : नसतं दिलं.

शाझली : मग?

वसीला : मग काय. आता मीही येतेय ना. या, चढायची फळी तुमच्या उजव्या हाताला आहे, दोन पावलं. सावकाश.

शाझली : (होडीवर येऊन) डोळे मिट. हातात दोर घे. एक गाठ लागली का? ते मोठं शीड.